पाच छेद अठराच्या पलीकडे

संपादक महोदय,

स. न. वि. वि.

पावसाळ्यात धरणांच्या बातम्यांत दोन वाक्ये दर वर्षी हमखास भेटतात. एक: 'धरणात वीस हजार क्युसेक पाणी जमा झाले.' दुसरे: 'प्रतिसेकंद वीस हजार क्युसेक वेगाने विसर्ग सुरू आहे.' क्युसेक म्हणजेच घनफूट प्रतिसेकंद. पहिल्या वाक्यात साठ्याला प्रवाहाचे एकक लागले, दुसऱ्यात 'प्रतिसेकंद' दोनदा आले. वार्ताहराला दोष देण्यात अर्थ नाही. तो ज्या वर्गातून आला तिथे एककांची गणिते कशी शिकवली जातात ते आम्हाला ठाऊक आहे, कारण त्या वर्गात फळ्याजवळ आम्हीच उभे असतो. हे पत्र त्या फळ्याबद्दल आहे. धरणांकडे शेवटी येतोच.

नववी-दहावीच्या विज्ञानात एककांचे रूपांतर हा विषय प्रत्येक धड्यात चोरपावलांनी येतो: गतीत, ऊर्जेत, विद्युतधारेत, उष्णतेत, भिंगांत. त्याच्यासाठी म्हणून तास कुणी ठेवत नाही. मग घाईत मुलांच्या हाती एक रीत दिली जाते: किलोमीटर प्रतितासाचे मीटर प्रतिसेकंद करायचे तर ५/१८ ने गुणा, उलट जायचे तर १८/५ ने. गाईडमध्ये ती चौकटीत छापलेली असते. परीक्षेत मुलाला ५ आणि १८ हे दोन आकडे पक्के आठवतात, वर कोण आणि खाली कोण हे आठवत नाही. मग ताशी ७२ किमी वेगाच्या मोटारसायकलचा वेग २५९.२ मीटर प्रतिसेकंद निघतो. हा वेग ताशी ९३३ किमी होतो, म्हणजे जेट विमानाचा. उत्तराखाली दोन रेघा मारून मूल पुढच्या प्रश्नाकडे वळते.

यावरचा उपाय नवा नाही आणि त्याला साहित्यही लागत नाही. एकक हे आकड्याच्या शेजारी शेवटी डकवायचे लेबल नव्हे, ते गणिताचाच भाग आहे आणि प्रत्येक पायरीवर लिहायचे आहे, एवढेच मुलांना कळले पाहिजे. फळ्यावर असे मांडावे:

७२ किमी / १ तास × १००० मी / १ किमी × १ तास / ३६०० सेकंद

१००० मीटर आणि १ किलोमीटर ही एकच लांबी, म्हणून मधल्या अपूर्णांकाची किंमत १. एक तास आणि ३६०० सेकंद हा एकच काळ, म्हणून शेवटच्या अपूर्णांकाची किंमतही १. एकाने कितीही वेळा गुणले तरी वेग बदलत नाही, फक्त त्याचा पोशाख बदलतो. आता किमी वर एकदा, खाली एकदा, काट मारा. तास खाली एकदा, वर एकदा, काट मारा. वर मीटर उरला, खाली सेकंद उरला. आकडे ७२ × १००० ÷ ३६०० = २०. उत्तर २० मीटर प्रतिसेकंद. १०००/३६०० ला संक्षिप्त रूप दिले की ५/१८ मिळते. ते मुलांनी स्वतः एकदा काढले की पाठ करायला आमची हरकत नाही.

या मांडणीचा खरा फायदा चूक होते तेव्हा दिसतो. समजा मुलाने मधला अपूर्णांक उलटा लिहिला, १ किमी / १००० मी. मग किमी कटत नाही. वर किमी गुणिले किमी राहतो आणि खाली मीटर गुणिले सेकंद. असे वेगाचे एकक जगात नाही, हे दहावीच्या कुठल्याही मुलाला दिसते. शिक्षकाने सांगण्याआधी वहीच सांगते. ५/१८ ची चौकट असे काही सांगत नाही, कारण तिच्यात एककच नाही.

हे एका नजरेत पटवायचे असेल तर गतिज ऊर्जेचे गणित घ्यावे. हजार किलो वस्तुमानाची गाडी ताशी ७२ किमी वेगाने जात आहे. वेग २० मीटर प्रतिसेकंद घेतला तर ½ × १००० × ४०० = २,००,००० ज्यूल. रूपांतर न करता ७२ तसाच घातला तर ½ × १००० × ५१८४ = २५,९२,००० 'ज्यूल'. वेग चुकला ३.६ पटींनी, ऊर्जा चुकली १२.९६ पटींनी, कारण सूत्रात वेगाचा वर्ग आहे आणि चुकीचाही वर्ग होतो. शेवटी 'ज्यूल' लिहिले म्हणून तो ज्यूल होत नाही. किलोग्रॅमला मीटर वर्ग प्रतिसेकंद वर्गाने गुणले तरच ज्यूल मिळतो, हे मुलाने पायरीत लिहिले असते तर 'किमी वर्ग प्रतितास वर्ग' पाहून तिथेच हात थांबला असता.

गुणायचे की भागायचे, हा मुलांचा दुसरा जुना पेच. त्यासाठी आम्ही व्यस्त चलनाची आठवण करून देतो. ते आठवीच्या गणितात झालेले असते, पण विज्ञानाच्या तासाला कुणी काढत नाही. एकक मोठे झाले की आकडा लहान होतो. पाचशे पैशांचे पाच रुपये होतात तसेच. ग्रॅमचा किलोग्रॅम केला आणि आकडा वाढला, तर वाट चुकली. पहिलीच्या दुकानदारीतले हे शहाणपण घनतेच्या गणितात मात्र तोंडघशी पाडते, कारण तिथे एक एकक वर असते आणि एक खाली. पाऱ्याची घनता १३.६ ग्रॅम प्रति घनसेंटिमीटर. ग्रॅमचे किलोग्रॅम करताना हजाराने भागायचे, इथपर्यंत ठीक. पण घनसेंटिमीटर छेदात आहे. एका घनमीटरमध्ये दहा लाख घनसेंटिमीटर मावतात, म्हणून एका घनमीटरमधला पारा दहा लाख पटींनी जास्त. तेव्हा १३.६ × १०,००,००० ÷ १००० = १३,६०० किलोग्रॅम प्रति घनमीटर. घाईत नुसतेच हजाराने भागणारी मुले ०.०१३६ वर पोहोचतात, दोन्हीकडे भागणारी त्याहूनही खाली. पडताळा सोपा आहे. गच्चीवरची हजार लिटरची टाकी म्हणजे एक घनमीटर, आणि भरली की आतल्या पाण्याचे वजन एक टन. पारा पाण्याहून साडेतेरा पट जड. म्हणजे उत्तर साडेतेरा टनांच्या आसपास हवे. ०.०१३६ किलो म्हणजे चौदा ग्रॅमदेखील नाही.

सगळ्यांत जास्त गुण क्षेत्रफळ आणि घनफळात वाहून जातात. प्राथमिक शाळेत किलोमीटर, हेक्टोमीटर, डेकामीटर, मीटर, डेसिमीटर, सेंटिमीटर, मिलिमीटर अशी शिडी शिकवलेली असते. एक पायरी उतरली की दशांश चिन्ह एक घर सरकवायचे. शिडी लांबीसाठी बरोबर आहे. क्षेत्रफळाला एका पायरीला दोन घरे लागतात आणि घनफळाला तीन, हे नंतर कुणी नीट दाखवत नाही, आणि मूल चौरस मिलिमीटरचे चौरस मीटर करायलाही हजारानेच भागते. एक नमुना पाहा. ०.५ मिलिमीटर व्यासाची १०० मीटर तांब्याची तार, तांब्याची रोधकता १.७ × १० चा उणे आठवा घात ओहम-मीटर, तारेचा रोध काढा. त्रिज्या ०.२५ मिमी, छेदाचे क्षेत्रफळ ०.१९६ चौरस मिमी. चौरस मीटर करायला दहा लाखांनी भागले तर रोध सुमारे ८.७ ओहम येतो. हजारानेच भागले तर ०.००८७ ओहम. हजार पट फरक. शिवाय निम्मी मुले व्यासालाच त्रिज्या समजतात, आणि मग रोध पुन्हा चौपटीने घसरतो. आमचा सल्ला असा की क्षेत्रफळ काढायच्या आधीच लांबीचे रूपांतर करून टाकावे. त्रिज्या ०.०००२५ मीटर एकदा लिहिली की वर्ग आपोआप बरोबर येतो, चौरसाचा गुणक आठवण्याची वेळच येत नाही. शून्ये मात्र मोजून लिहावी लागतात. ज्यांना घात येतात त्यांनी घातच वापरावेत.

हे डोळ्यांनी दाखवायचे तर आपल्याच कचेरीतून निघालेली रद्दी उपयोगी पडते. जुन्या अंकांची पाने चिकटवून एक मीटर बाय एक मीटरचा चौरस कापावा. त्यावर दर दहा सेंटिमीटरवर आडव्या-उभ्या रेघा मारल्या की शंभर घरे होतात. त्यातल्या एकाच घरात पुन्हा एकेका सेंटिमीटरवर रेघा मारायच्या, त्यात शंभर. म्हणजे मोठ्या चौरसात शंभर गुणिले शंभर, दहा हजार. घनफळासाठी पुठ्ठ्याचा दहा सेंटिमीटर बाजूचा खोका करावा आणि आत प्लास्टिकची पिशवी ठेवून त्यात एक लिटर पाणी ओतून दाखवावे. अगदी काठोकाठ बसते. मग एकेक मीटरच्या बारा काठ्या बांधून घनमीटरचा सांगाडा उभा करावा आणि त्याच्या कोपऱ्यात तो खोका ठेवून, असे किती खोके मावतील, एवढेच विचारावे. 'शंभर' असे उत्तर आधी येते. एका थरात शंभर बसतात हे बरोबरच असते, थर दहा आहेत हे तळापासून बोट फिरवले की कळते. हा प्रयोग एका तासिकेत होतो आणि वर्षभर पुरतो.

वेळेबाबतची चूक खास घड्याळाची. २ तास १५ मिनिटे म्हणजे २.१५ तास, असे वर्गातली बरीच मुले लिहितात, आणि कॅल्क्युलेटरवर मोठी माणसेही. खरे म्हणजे २.२५. गंमत अशी की मराठीत ही चूक व्हायला नको. घड्याळ २:१५ दाखवते, पण तोंड सव्वादोन म्हणते, आणि सव्वादोन म्हणजे दोन आणि पाव. दीड, अडीच, पावणेतीन हे शब्द साठ मिनिटांचा हिशेब आतच करून बसले आहेत. मुलाला उत्तर मराठीत बोलायला लावावे. 'अडीच तास' म्हणणारे मूल २.३० लिहिताना अडखळते. आम्हाला विचाराल तर पावकी-निमकी पाठ करण्याची पद्धत गेली ते चांगलेच झाले, पण शब्द टिकले आहेत तर वापरून घ्यावेत.

विजेच्या युनिटचा घोळ याहून खोल आहे. 'किलोवॅट प्रतितास' असे मुलेच काय, मोठेही सर्रास लिहितात. 'प्रति' म्हणजे भागाकार. युनिट हा गुणाकार आहे: किलोवॅट गुणिले तास. दीड हजार वॅटचा गीझर वीस मिनिटे चालला, किती युनिट? १५०० वॅट म्हणजे १.५ किलोवॅट, २० मिनिटे म्हणजे १/३ तास, गुणाकार ०.५ युनिट. हेच ज्यूलमध्ये: १५०० वॅट × १२०० सेकंद = १८,००,००० ज्यूल. त्यावरून एक युनिट म्हणजे ३६ लाख ज्यूल, हे पाठ न करता हाती येते. ग्रामीण भागात गीझरऐवजी पंप घ्यावा. पाच अश्वशक्तीचा पंप, एक अश्वशक्ती ७४६ वॅट, म्हणजे ३.७३ किलोवॅट, आठ तास चालला तर २९.८४ युनिट. मोटर प्रत्यक्षात ओढते ती वीज याहून जास्त, कारण पाटीवरची अश्वशक्ती ही मोटरच्या दांड्यावर मिळणारी शक्ती असते आणि वाटेत गळती होते. हुशार मुले घरचे बिल ताडून पाहतात आणि हा प्रश्न विचारतात. तो यावा म्हणूनच पंप.

तापमानात वेगळाच सापळा आहे. एक असते तापमान आणि दुसरा तापमानातला फरक. दोन्हींच्या मागे 'अंश' लागतो, म्हणून मुले दोन्हींना एकच रीत लावतात. २०० ग्रॅम पाणी ३० अंशांवरून ८० अंश सेल्सिअसपर्यंत तापवले, किती उष्णता लागली? फरक ५० अंश, म्हणून २०० × १ × ५० = १०,००० कॅलरी, म्हणजे सुमारे ४१,८०० ज्यूल. केल्विनचा धडा नुकताच झालेला असला की काही मुले ५० मध्ये २७३ मिळवतात आणि ६४,६०० कॅलरीवर जातात, सहापटीहून जास्त. इमारतीचे मजले तळघरापासून मोजा की तळमजल्यापासून, तिसऱ्याहून पाचव्यावर जायला दोनच मजले चढावे लागतात. २७३ हे फक्त मोजणी कुठून सुरू केली ते सांगतात. फॅरनहाइटचेही तसेच. ३७ अंश सेल्सिअस म्हणजे ९८.६ फॅरनहाइट, हे ३२ मिळवून. पण ताप १ अंश सेल्सिअसने वाढला तर तो १.८ फॅरनहाइटने वाढला, ३३.८ ने नाही.

भिंगाची शक्ती काढताना नाभीय अंतर मीटरमध्ये हवे, एवढे सांगून पुढे जाता येते. ५० सेंटिमीटर म्हणजे ०.५ मीटर, शक्ती २ डायॉप्टर. ०.०२ उत्तर आले की चष्म्याच्या दुकानातला आकडा आठवायला सांगावा.

डाइन आणि अर्ग या बलाच्या आणि ऊर्जेच्या लहान एककांचे गुणकही पाठ करू नयेत. न्यूटन म्हणजे किलोग्रॅम-मीटर प्रतिसेकंद वर्ग. किलोग्रॅमचे हजार ग्रॅम, मीटरचे शंभर सेंटिमीटर, सेकंद तसाच. हजार गुणिले शंभर, एक न्यूटन म्हणजे एक लाख डाइन. ज्यूलमध्ये आणखी एक मीटर गुणलेला असतो, म्हणून आणखी शंभर पट, एक कोटी अर्ग. दोन ओळींचे काम.

एक अडचण मात्र निव्वळ मराठी माध्यमाची आहे आणि तिच्याबद्दल कुणी बोलत नाही. वहीत 'मी' म्हणजे मीटर आणि 'मि' म्हणजे मिनिट. फरक फक्त वेलांटीचा. त्यात 'मि' हे मिलीसाठीही येते. 'से' म्हणजे सेकंद, 'से' म्हणजे सेल्सिअस आणि पुढे मी लागला की सेंटिमीटर. घाईत लिहिलेले '३० मि' हे अर्ध्या तासाचे आहे की तीस मीटरचे, ते लिहिणाऱ्यालाच दोन ओळींनंतर कळत नाही. सेमी इंग्रजीच्या मुलांनाही सुटका नाही. तिथे लहान एम हा मीटर आणि मिली दोन्ही, मोठा एम मेगा. लहान के किलो, मोठा के केल्विन. मराठी माध्यमात आमची शिफारस अशी: पहिल्या पायरीत एकक पूर्ण शब्दांत लिहावे, 'मिनिट', 'सेकंद', 'मीटर'. शाई थोडी जास्त जाते. शुद्धलेखनाचे शिक्षक ऱ्हस्व-दीर्घावर गुण कापतात त्याला मुले कंटाळतात, पण वेलांटी चुकली की पूर्ण गणित चुकते असे उदाहरण त्यांना विज्ञानाच्या तासाला मिळते.

एककाशिवाय लिहिलेला आकडा काय करू शकतो, याचे आमच्या मते सर्वांत बोलके गणित कॅनडातले आहे. ते वर्गात खरोखर सोडवून घेता येते, म्हणून आकड्यांसह देतो. २३ जुलै १९८३. मॉन्ट्रियलहून एडमंटनला निघालेल्या एअर कॅनडाच्या बोईंग ७६७ चे इंधनमापक बंद होते, म्हणून टाकीतले इंधन पट्टीने मोजले. ते भरले ७,६८२ लिटर. प्रवासाला हवे होते २२,३०० किलोग्रॅम. लिटरचे वजन करायला घनता लागते. कागदावर आकडा होता १.७७. तो पौंड प्रतिलिटर होता; किलोग्रॅम प्रतिलिटर हवा होता ०.८०३. कॅनडात तेव्हा मेट्रिक पद्धतीकडे बदल चालला होता, जुनी विमाने पौंडांत आणि हे नवे विमान किलोग्रॅममध्ये. हिशेब झाला तो असा: ७,६८२ × १.७७ = १३,५९७. २२,३०० वजा १३,५९७ बरोबर ८,७०३. त्याला पुन्हा १.७७ ने भागून ४,९१७ लिटर. तेवढे भरले. खरे गणित: ७,६८२ × ०.८०३ = ६,१६९ किलो, कमी पडले १६,१३१ किलो, ते ०.८०३ ने भागून सुमारे २०,०८८ लिटर. म्हणजे हवे होते त्याच्या पावपटीहूनही कमी भरले, आणि विमान निम्म्याहून कमी इंधनावर उडाले. ४१ हजार फुटांवर उडत असताना इंधन संपत आले आणि मग दोन्ही इंजिने बंद पडली. वैमानिकांनी विमान तरंगवत गिमली इथल्या वायुदलाच्या जुन्या धावपट्टीवर उतरवले आणि आतली सर्व ६९ माणसे वाचली. गुणाकार, वजाबाकी, भागाकार, कुठेही चूक नाही, हे मुलांना सर्वांत आधी दाखवावे. मग १.७७ पुढे 'पौंड/लिटर' लिहायला सांगावे. लिटर कटतो, पौंड उरतो, आणि पुढची वजाबाकी किलोतून पौंड वजा करायची आहे हे कागदावरच दिसते.

आपल्याकडे असे अपघात फारसे ऐकू येत नाहीत, याचे एक कारण १९५६ चा वजनमापांचा कायदा आणि १ एप्रिल १९५७ पासूनचे नवे पैसे. त्याआधीच्या पिढीने रुपयाचे सोळा आणे, मणाचे चाळीस शेर, शेराचे ऐंशी तोळे असली त्रैराशिके घासूनपुसून सोडवली, ती बिनचूक यायची कारण प्रत्येक पायरीवर 'मण', 'शेर' लिहावेच लागे. दशमान आले, सगळे दहाच्या पटीत झाले आणि आपण एकक लिहायचे विसरलो. भाजीबाजारात पावशेर अजून आहे, पण तो २५० ग्रॅम झाला आहे. मूळचा वीस तोळ्यांचा पावशेर २३३ ग्रॅम भरे. सराफाकडचा तोळाही बोलण्यात दहा ग्रॅमवर आला, मूळचा ११.६६ ग्रॅमचा. सातबारावर हेक्टर-आर, व्यवहारात गुंठे. ३३ फूट बाय ३३ फूट म्हणजे १,०८९ चौरस फूट, १०१.१७ चौरस मीटर, म्हणजे एक आर (१०० चौरस मीटर) आणि वर थोडे. गावातल्या मुलांना हा फरक विज्ञानाच्या पुस्तकापेक्षा लवकर समजतो, कारण त्यात पैसा आहे.

आता धरणे. एक फूट म्हणजे ०.३०४८ मीटर. घनफूट म्हणजे या आकड्याचा घन, ०.०२८३२ घनमीटर, २८.३२ लिटर. (मुले ०.३०४८ घनमीटर लिहितात, तीच ती शिडीवरची चूक.) टीएमसी म्हणजे हजार दशलक्ष घनफूट, एक अब्ज घनफूट. तेव्हा एक टीएमसी म्हणजे २८.३२ दशलक्ष घनमीटर, म्हणजेच २८.३२ दलघमी, किंवा सुमारे २,८३२ कोटी लिटर. कोयनेच्या बातमीत टीएमसी असते आणि जायकवाडीच्या बातमीत दलघमी, आणि वाचक दोन्ही धरणांची तुलना आकडे पाहून करतो. जायकवाडीचा जिवंत साठा २,१७१ दलघमी, भागिले २८.३२, सुमारे ७६.७ टीएमसी. कोयनेची एकूण क्षमता १०५.२५ टीएमसी. इथेही जिवंत साठा कुठला आणि एकूण कुठला हे वेगळे लिहिल्याशिवाय तुलना होत नाही.

टीएमसी हा साठा, क्युसेक हा प्रवाह. दोघांना जोडणारी राशी वेळ. एक क्युसेक दिवसभर वाहिला तर ८६,४०० घनफूट. त्यामुळे एक टीएमसी एका दिवसात सोडायला सुमारे ११,५७४ क्युसेक लागतात. कोयनेच्या पायथा वीजगृहातून २,१०० क्युसेक सोडल्याची बातमी दर वर्षी येते. त्या गतीने एक टीएमसी जायला साडेपाच दिवस लागतात. एवढे एक गणित वर्गात झाले तर 'धरणात इतके क्युसेक जमा' हे वाक्य त्या वर्गातला कुणीही पुन्हा लिहिणार नाही.

आपल्या अंकात दोन किरकोळ बदल झाले तर आमचे बरेच काम हलके होईल. पहिला, 'सुमारे' असलेल्या आकड्याचे रूपांतरही 'सुमारे'च राहू द्यावे. 'सुमारे दहा फूट लांबीचा अजगर' पुढच्या ओळीत ३.०४८ मीटरचा होऊ नये, तो तीन मीटरचाच असावा. अजगर मोजणाऱ्याने मिलिमीटरपर्यंत पट्टी लावलेली नसते. दुसरा, धरणांच्या रोजच्या चौकटीत साठा आणि विसर्ग वेगळ्या रकान्यांत छापावेत, विसर्गापुढे 'दिवसाला किती टीएमसी' हे द्यावे आणि शक्य झाल्यास तळाशी एक ओळ असावी: '१ मिमी पाऊस म्हणजे दर चौरस मीटरला १ लिटर.' हजार चौरस फुटांची गच्ची ९२.९ चौरस मीटरची. १०० मिमी पाऊस झाला की तिच्यावर ९,२९० लिटर पाणी पडते, जवळपास दहा हजार लिटरचा एक टँकर. चौकट आली की कात्रण काढून दुसऱ्या दिवशी फळ्यावर लावायची जबाबदारी आमची.

आपले,
नववी-दहावीला विज्ञान शिकवणारे काही शिक्षक